विषय: पोराला क्रॉस कंट्रीचा कोच व्हायचंय, यातलं कुणाला काही माहितीये का?

प्रेषक: सोनूची आई, रॉजर्स

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या पिकनिकच्या मेलमध्ये हे नको म्हणून वेगळा टाकतेय. सोनूचं मे महिन्यात ग्रॅज्युएशन झालं, कायनेसिऑलॉजीत, चारही वर्षं कॉलेजच्या क्रॉस कंट्री (माळरानावरचं लांब पल्ल्याचं पळणं) टीममध्ये होता, पहिल्या सातात फारसा नसायचा पण होता, आणि आम्ही धरून चाललो होतो की आता फिजिकल थेरपीला अर्ज करेल, तर गेल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाला की मिसूरीतल्या एका छोट्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम, म्हणून बोलावलंय, मास्टर्सची फी माफ, वर थोडा स्टायपेंड, आणि पुढे कोचच व्हायचंय म्हणे. ह्यांनी हात धुतले आणि सरळ वर निघून गेले. तेव्हापासून घरात दोघांमध्ये मी निरोप्या.

मला सरळ विचारायचंय. हे करिअर असतं का? म्हणजे शाळेतल्या पीटीच्या सरांच्या पलीकडे काही? पन्नाशीला आलेला कोच काय करत असतो, घर घेऊ शकतो का, आणि लग्नाचं काय (हसू नका)?

---

प्रेषक: होम ऑफिसवाला, बेंटनव्हिल

वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पळणं चांगलंच आहे, मी पण सकाळी ग्रीनवेवर पळतो, पण हौस वेगळी आणि पोटापाण्याचं वेगळं. डेटाचं काहीतरी करू दे त्याला, स्पोर्ट्स ॲनालिटिक्स वगैरे, म्हणजे खेळ पण राहील आणि पगार पण. फुटबॉलचा कोच व्हायचं म्हणाला असता तर मीच म्हटलं असतं पाठवा. क्रॉस कंट्री बघायला आईबापांशिवाय येतं कोण?

---

प्रेषक: अण्णा, फेएटव्हिल

> क्रॉस कंट्री बघायला आईबापांशिवाय येतं कोण?

अरे बाबा, तू राहतोस कुठे? तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आरकॅन्सा युनिव्हर्सिटीचं ट्रॅकचं मैदान ज्याच्या नावाचं आहे तो जॉन मॅकडॉनेल क्रॉस कंट्रीचाच कोच म्हणून इथे आला होता. निवृत्त झाला तेव्हा ४० राष्ट्रीय विजेतेपदं होती त्याच्या नावावर, ११ क्रॉस कंट्री, १९ इनडोअर ट्रॅक, १० आउटडोअर ट्रॅक, आणि कुठल्याही खेळातल्या कुठल्याच कॉलेज कोचची तेव्हा एवढी नव्हती, तुझ्या फुटबॉलवाल्यांची तर सोडच. मी इथे आलो तेव्हा हा गडी ऐन भरात होता आणि गावात कुणाला विशेष वाटायचंही नाही, शनिवारी सगळे रेझरबॅक्सच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्याच टीमच्या, फुटबॉलला.

वहिनी, तुमच्यासाठी जरा विस्ताराने लिहितो, कारण हा माणूस आपल्यासारखाच बाहेरून आलेला. जन्म १९३८ चा, आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतलं क्रॉसमोलिना, घरची शेती. अमेरिकेत आला तो पळण्याच्या जोरावर, लुईझियानात लाफायेटच्या कॉलेजातून पळाला, सहा वेळा ऑल-अमेरिकन झाला, म्हणजे देशातल्या अव्वल कॉलेज खेळाडूंत आला. १९६९ मध्ये डिग्री आणि सिटिझनशिप दोन्ही एकाच वर्षी. मग काय केलं? हायस्कूलात कोच झाला, आधी न्यू जर्सीत, मग परत लाफायेटला. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच, शाळेतला सर. १९७२ ला इथे आला तो क्रॉस कंट्रीचा हेड कोच आणि ट्रॅकचा नुसता असिस्टंट म्हणून. १९७४ मध्ये कॉन्फरन्स, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची लीग, जिंकली आणि मग ती क्रॉस कंट्रीत सोडलीच नाही, २००७ पर्यंत सलग ३४ वर्षं, मध्ये कॉन्फरन्स बदलली तरी. पण पहिलं राष्ट्रीय विजेतेपद कधी? १९८४, इनडोअरला. आल्यापासून बारा वर्षांनी. हा बाराचा आकडा तेवढा सोनूच्या बाबांना सांगा, कारण बाकीचे सगळे आकडे त्याच्यानंतरचे आहेत. १९८४ ते १९९५ इनडोअर सलग बारा वर्षं, १९९२ ते १९९९ आउटडोअर सलग आठ, आणि एकाच शैक्षणिक वर्षात तिन्ही जिंकणं, ते पाच वेळा.

आता लोकांना वाटतं की कोच म्हणजे हातात स्टॉपवॉच धरून ओरडणारा. खरं काम हिशोबाचं असतं. क्रॉस कंट्रीत सात पळतात, पहिल्या पाचांचे नंबर धरतात आणि बेरीज ज्याची कमी तो जिंकला, म्हणजे एकटा हिरा असून भागत नाही, पाचवा गडी कितवा येतो त्याच्यावर सगळं. ट्रॅकला उलटं. तिथे फायनलमध्ये पहिल्या आठांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे पॉइंट, आणि उड्या, गोळा, रिले सगळं त्यात. मॅकडॉनेल स्वतः लांब पल्ल्याचा माणूस, पण नुसत्या लांब पल्ल्यावर ट्रॅकचं विजेतेपद येत नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून उड्यांसाठी डिक बूथसारखा माणूस हाताशी ठेवला आणि त्याला त्याचं काम करू दिलं. माइक कॉन्ली याच काळातला, पुढे १९९२ ला बार्सिलोनात तिहेरी उडीचं सुवर्ण घेतलं त्याने. माझ्या मते मॅकडॉनेलचं मोठेपण इथे आहे, स्वतःला जे येत नाही त्याचा माणूस शोधणं, आणि हे भल्याभल्यांना जमत नाही, आपल्या मंडळाच्या कमिटीकडे बघा.

आणि पैसा? पुरुषांच्या क्रॉस कंट्री आणि ट्रॅकला मिळून स्कॉलरशिप तेव्हा किती, तर १२.६. पूर्ण बारा आणि वर एकाचा तुकडा, आणि टीममध्ये पोरं तीस-चाळीस. मग कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. कुणाला किती द्यायचं, सतरा वर्षांचा पोरगा तीन वर्षांनी कुठे असेल हे आज ओळखायचं, त्याच्या आईशी फोनवर बोलायचं, यात अर्धं करिअर जातं. सुरुवातीला तर त्याने आयर्लंडमधूनच पोरं आणली. आपल्याकडे एकाला मुंबईत नोकरी लागली की गावची चार पोरं त्याच्या खोलीवर येऊन पडतात, तसंच ते. नायल ओशॉनेसी आला, फ्रँक ओमारा आला, ओमारा तर पुढे इनडोअर ३००० मीटरचा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, १९८७ आणि १९९१. पण डॅनियल लिंकन इथलाच, आरकॅन्साचा, २००६ मध्ये स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाणी ओलांडत ३००० मीटर) अमेरिकन रेकॉर्ड केला ८:०८.८२ आणि झाला डॉक्टर. हे नाव खास सोनूच्या बाबांसाठी.

सगळं गोड गोड होतं असंही नाही. २००४ आणि २००५ ची आउटडोअर विजेतेपदं एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने, नंतर काढून घेतली, एका असिस्टंटने एका खेळाडूला नियमाबाहेर मदत केली म्हणून. वर दिलेला ४० चा आकडा ती दोन वगळूनच आहे. स्वतः काही न करता हेड कोचच्या नावावर ते कायमचं लागलं. हा पण या धंद्याचा भाग, सोनूला माहीत असलेला बरा.

२००८ ला थांबला. कोचिंगच्या जोडीने गुरांचं रँच पण चालवायचा, शेवटी मेयोचा शेतकरीच. जून २०२१ मध्ये गेला, ८२ वर्षांचा होता.

माझं सांगणं एवढंच की कॉलेजचं नाव बघू नका. तिथला हेड कोच कोण, किती वर्षं टिकून आहे, आणि त्याच्या हाताखालचे जुने असिस्टंट आज कुठे आहेत ते बघा. ते हेड कोच झाले असतील तर पाठवा डोळे मिटून. दर दोन वर्षांनी पळून जात असतील तर नको.

---

प्रेषक: आधी डेन्व्हर, आता स्प्रिंगडेल

अण्णा, मेल मस्त, पण ४० विजेतेपदंवाल्याकडे बघून करिअर ठरवायचं म्हणजे अवघड आहे. तसा एकच झाला. छोट्या कॉलेजचं उदाहरण घ्यायचं तर कोलोराडोतला जो व्हिजिल घ्या. अलामोसा नावाचं गाव, साडेसात हजार फूट उंचीवर, थंडी विचारू नका, तिथलं ॲडम्स स्टेट कॉलेज. हा आधी हायस्कूलात सायन्स शिकवायचा. तिथून १९ राष्ट्रीय विजेतेपदं, आणि १९९२ च्या डिव्हिजन टू (मोठ्या कॉलेजांच्या खालचा गट) क्रॉस कंट्रीत त्याची पोरं पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. बेरीज १५, याहून कमी होऊच शकत नाही. कॉलेज सोडल्यावर डीना कॅस्टरला तयार केलं, २००४ अथेन्स मॅरेथॉनला ब्राँझ. म्हणजे वहिनी, पन्नाशीनंतरही बहर चालूच होता म्हणा की त्या माणसाचा.

आणि हे कुणीच कसं लिहिलं नाही, आपला अविनाश साबळे! बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुका, महार रेजिमेंटचा जवान, आर्मीत आधी क्रॉस कंट्रीच पळायचा, अमरीश कुमार या कोचने त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. पुढे कोलोराडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्सकडे ट्रेनिंग केलं, हा सिमन्स पण आधी कॉलेजातलाच कोच. २०२२ ला बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये केनियावाल्यांच्या मध्ये घुसून सिल्व्हर, ८:११.२०. तेव्हा भारतात रात्र नव्हती तरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे क्रिकेट बघत होते, तो राग अजून आहे मला. असो. सांगायचं म्हणजे बीडच्या पोराला कोलोराडोत एक जुना कॉलेज कोच उपयोगी पडला, तर हे काम अगदीच छंदातलं नसावं.

---

प्रेषक: लेक कोच असलेली, फेएटव्हिल

सोनूच्या आई, इतिहास छान आहे पण मी तुम्हाला रोजचं सांगते कारण माझी मुलगी सध्या असिस्टंट आहे, दुसऱ्या राज्यात.

पहिली गोष्ट, ऑफ सीझन नसतो. ऑगस्टपासून नोव्हेंबर क्रॉस कंट्री, मग मार्चपर्यंत इनडोअर, मग जूनपर्यंत आउटडोअर, आणि पोरं तीच. सुट्टीत रिक्रूटिंग. दिवाळीला फोन करावा तर ही नेमकी बसमध्ये, मागून चाळीस पोरींचा आरडाओरडा. छोट्या कॉलेजात व्हॅन पण कोचच चालवतो, हॉटेल तोच बुक करतो, एंट्री भरायची वेळ चुकली तर शिव्या पण त्यालाच. मधे एकदा मला म्हणाली, आई, आज दिवसभरात पळण्याबद्दल मी एकदाच बोलले, बाकी सगळं कुणाचे मार्क, कुणाचं होमसिक, कुणी नीट जेवत नाही. हे शेवटचं मुलींच्या टीममध्ये फार जपावं लागतं, वजनाबद्दल एक शब्द चुकीचा गेला की पोरगी वर्षभर आजारी. तिच्या स्वतःच्या कॉलेजात असं झालेलं तिने पाहिलं होतं, म्हणून तर ती यात आली.

पगार. पहिलं वर्ष तिने फुकट काम केलं, तेव्हा व्हॉलंटियर असिस्टंट नावाचा प्रकार असायचा, सकाळी ट्रॅकवर आणि दुपारी कॉफी शॉपमध्ये. डिव्हिजन वनमधून, म्हणजे मोठ्या कॉलेजांच्या गटातून, तो जुलै २०२३ पासून बंद झाला, बरंच झालं. त्यामानाने सोनूचं बरं आहे, निदान डिग्री हातात येईल, आणि मास्टर्स असल्याशिवाय पुढच्या बऱ्याचशा जागांना विचारत नाहीत.

कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वर्षावर्षाचं. हेड कोच बदलला की नवा येताना आपली माणसं घेऊन येतो, मग सामान बांधा. अण्णांनी सांगितलं ते खरंय पण मॅकडॉनेलसारखं एका जागी ३६ वर्षं राहायला मिळणं हे आताच्या काळात धरून चालू नका. आणि ते १२.६ वालं पण बदललं, २०२५ पासून मोठ्या कॉलेजांना स्कॉलरशिपऐवजी टीममध्ये किती पोरं ठेवायची त्याचीच मर्यादा आलीये, पुरुषांच्या क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅकला ४५. म्हणजे आपल्या सोनूसारखा, सातात नसलेला पण रोज येणारा मुलगा, त्याला मोठ्या टीममध्ये जागा राहणं कठीण. तशी पोरं आता छोट्या कॉलेजांकडे येणार, आणि सोनू जातोय ते छोटंच आहे, तर त्याला त्यांचं दुःख चांगलं कळेल.

लग्नाचं विचारलंत म्हणून. माझ्या जावयाला तिचं वेळापत्रक तोंडपाठ आहे, तो पोल व्हॉल्टचा कोच आहे.

---

प्रेषक: होम ऑफिसवाला, बेंटनव्हिल

बरं बाबा, माघार. पण वहिनी, इन्शुरन्सचं विचारून घ्या.

---

प्रेषक: सोनूची आई, रॉजर्स

सगळ्यांचे आभार, अण्णांचा मेल मी प्रिंट करून ह्यांच्या लॅपटॉपवर ठेवला, वाचला की नाही माहीत नाही पण डॉक्टर झाला तो कोण म्हणून विचारलं, म्हणजे वाचला.

काल सोनूला बसवून अण्णांचे प्रश्न विचारले. हेड कोच तिथे वीसेक वर्षं आहे. आधीच्या असिस्टंटांपैकी दोघं आता स्वतः हेड कोच आहेत, एक हायस्कूलात शिकवतो, एक सोडून बँकेत गेला. हे त्याला आधीच ठाऊक होतं, ऑफर आल्या आल्या त्याने त्या चौघांनाही फोन केले होते, बँकवाल्याला सुद्धा. ह्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारलं, बँकवाला का सोडून गेला? सोनू म्हणाला, बायकोची नोकरी एका गावात आणि ह्याची दुसऱ्या. मग अर्धा तास बापलेकांचं त्यावरच चाललं होतं. इन्शुरन्स नाहीये, पण २६ पर्यंत आमच्या प्लॅनवर राहू शकतो, म्हणजे मास्टर्सची दोन वर्षं निघतील. पुढचं पुढे.

फेएटव्हिलच्या ताई, सोनूला तुमच्या मुलीशी बोलायचंय, चालेल का? नंबर मला वेगळा पाठवा, इथे टाकू नका. आणि कुणाकडे जास्तीची मॅट्रेस किंवा छोटं टेबल असेल तर सांगा, जुलैअखेर ह्यांचा ट्रक घेऊन जाणार आहोत, ह्यांनीच काढलाय विषय.

---

प्रेषक: सेक्रेटरी

मॅट्रेस माझ्याकडे आहे, बेसमेंटमधून स्वतः उचलून न्यावी लागेल. आणि मंडळी, इतके मेल आले तरी पिकनिकच्या यादीत अजून भात कुणीच लिहिलेला नाही, कोशिंबिरी मात्र पाच झाल्यात. कृपया त्या मेलला उत्तर द्या, ह्याला नको.