शाळेचे ऋण आणि शाळेचे दप्तर : माजी विद्यार्थ्यांचे अनुभव

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गटही जागे होतात. स्नेहमेळाव्याची तारीख ठरते, सरांना आणि बाईंना शाल-श्रीफळ दिले जाते, वर्गणी निघते आणि कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. हे सारे मनापासूनच होत असते. तरीही अशा अनेक मेळाव्यांना उपस्थित राहिल्यावर मला दोन गोष्टी खटकत राहिल्या : शाळेला नेमके काय हवे आहे हे मुख्याध्यापकांना क्वचितच विचारले जाते, आणि शाळेचा इतिहास भाषणात जितका येतो तितका कपाटात जपला जात नाही.

महाराष्ट्रातील कितीतरी शाळा लोकांच्या त्यागावर उभ्या राहिल्या. सातारच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हे रयत शिक्षण संस्थेच्या मुलांना आजही सांगितले जाते. आज अनुदानित शाळांमधील शिक्षकांचे वेतन शासन देते, पण वीजबिल, छपराची डागडुजी, प्रयोगशाळेतील रसायने आणि स्वच्छतागृहांची देखभाल ज्यातून व्हायची ते वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते आणि वेळेवर येत नाही. माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावण्याची जागा नेमकी येथे आहे.

या धाग्यात आपण आपल्या शाळेसाठी काय केले, ते कसे तडीस गेले आणि शाळेचे जुने दप्तर (नोंदवह्या, हजेरीपट, कागदपत्रे) कसे सांभाळले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. किती रक्कम दिली यापेक्षा काम कोणत्या रीतीने झाले, हे इतरांना अधिक उपयोगी पडेल. आलेले काही अनुभव पुढे देत आहे.

सातारा जिल्हा, १९७४ची जुनी अकरावी

शाळेच्या शतकमहोत्सवासाठी आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात प्रवेशद्वारावर दगडी कमान बांधावी असे होते. बैठकीत मुख्याध्यापिका बाईंनी सर्वांचे बोलणे ऐकून घेतले आणि मग लिपिकाला सांगून जनरल रजिस्टरचे सर्वांत जुने खंड टेबलावर आणवले. पुठ्ठा शिवणीपासून सुटलेला होता, गळक्या भिंतीलगत ठेवल्यामुळे पानांचा खालचा भाग एकमेकांना चिकटला होता, आणि उलटताना कडांचे तुकडे बाईंच्या पदरावर पडत होते. नाव, जात, जन्मतारीख अक्षरी, आधीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण अशा रकान्यांत गावाच्या चार पिढ्या तेथे नोंदलेल्या होत्या. कमानीचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

हे रजिस्टर केवळ आठवणीपुरते नसते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदीइतका भक्कम पुरावा अनेक कुटुंबांकडे दुसरा नसतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर राज्यभर जुनी रजिस्टरे पुन्हा पुन्हा चाळली गेली, आणि जीर्ण पान प्रत्येक हाताळणीत थोडे अधिक फाटते.

आम्ही काम असे केले. रजिस्टर शाळेच्या आवाराबाहेर न्यायचे नाही आणि लिपिक समोर असल्याशिवाय उघडायचे नाही, या दोन अटी संस्थेच्या ठरावातच घालून घेतल्या. पालथे घालून दाबावे लागणारे स्कॅनर टाळले आणि वरून छायाचित्र घेणारा कॅमेरा वापरला, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. फाटलेल्या पानांना कोणीही चिकटपट्टी लावू नये, ही कळकळीची सूचना आहे. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरांसकट कागद खातो. पुण्याहून आलेल्या जाणकार बांधणीकाराने गव्हाच्या खळीने पातळ टिश्यू कागद लावून पाने सांधली. आता प्रत्येक खंड मांजरपाटात गुंडाळलेला असून कपाट भिंतीपासून हातभर दूर आहे, आणि आमच्या आजीच्या पोथ्यांत असत तशा वेखंडाच्या पुरचुंड्या प्रत्येक कप्प्यात ठेवल्या आहेत. पालकांच्या काही सह्या मोडीत होत्या. त्या वाचण्यासाठी मोडी जाणणारे एक निवृत्त तलाठी येऊन बसत. डिजिटल प्रत फक्त शाळेकडे आहे, कारण त्यात लोकांची खासगी माहिती आहे आणि ती गटावर फिरवण्याची वस्तू नव्हे. आमच्याकडे फक्त नावांची सूची करण्याचे काम होते. सूची झाल्यापासून पूर्वी अर्धा दिवस खाणारी नोंद लिपिकाला काही मिनिटांत सापडते.

सातारच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस राज्यात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो, आणि त्याला आधार आहे तो या शाळेने जपलेल्या दप्तराचा. ज्या लिपिकांनी ते पान इतकी वर्षे सांभाळले त्यांची नावे आपल्याला माहीत नसली, तरी त्यांचे उपकार कमी होत नाहीत.

चिपळूण तालुका, जिल्हा परिषद शाळा

आमच्या वाडीचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे आणि गणपतीला सारे चाकरमानी गावी आले की देवळात सभा भरते. शाळेला द्यायचे म्हणजे प्रोजेक्टर किंवा संगणक द्यायचा, अशी रीत पडली होती. एका वर्षी नव्या मुख्याध्यापकांनी सभेत येऊन नम्रपणे सांगितले की आधीचे संच चालवायला वीज परवडत नाही आणि पावसाळ्यात वर्गात कौलांतून पाणी येते. त्या वर्षी आम्ही सुतार आणून वासे बदलले, कौले नव्याने शाकारून घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात छपरावर सौर पॅनेल बसवले. वीजबिलाचा प्रश्न बराचसा मिटला आणि जुना प्रोजेक्टर पुन्हा वापरात आला.

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी काही करायचे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी घ्यावा आणि दिलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरात) चढली की नाही ते स्वतः पाहावे. नोंद नसेल तर दुरुस्तीची वेळ आल्यावर ती वस्तू कोणाचीच नसते.

पुण्याची शाळा, सध्या अमेरिकेत वास्तव्य

सातवीत असताना आमच्या शिक्षकांनी आम्हाला टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये नेले होते. तेथे १९५४ साली उभे राहिलेले कुसुमबाई मोतीचंद तारांगण आहे. दुसऱ्या शाळेच्या मुलांसाठीही ते खुले होते, याचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले. आपल्या शाळेतही विज्ञानासाठी काही करावे, ही इच्छा तेथूनच धरली.

परदेशातून मदत करणाऱ्यांनी कायद्याची बाजू आधी समजून घ्यावी. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची मात्र ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरीही. अशी देणगी घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीविषयक कायद्याखालील, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते, आणि ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील विशिष्ट खात्यातच जमा व्हावी लागते. आमच्या संस्थेकडे ही नोंदणी नसल्यामुळे भारतीय नागरिक असलेल्या मित्रांनी प्रयोगशाळेचा खर्च उचलला आणि नागरिकत्व बदललेल्यांनी आपला वेळ दिला. दर शनिवारी त्यांच्यापैकी एक जण नववीच्या मुलांना आपल्या कामाविषयी मराठीतून सांगतो, आणि मुलांचे प्रश्न संपता संपत नाहीत. भारतातील देणगीदारांना एवढेच सांगेन की देणगीवरील प्राप्तिकर सवलत (१९६१च्या कायद्यातील कलम ८०जी) हवी असल्यास २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख देऊ नये.

फोंडा, गोवा

पणजीतील मुष्टिफंड संस्थेची मराठी शाळा १९०८ पासूनची आहे आणि घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून ती उभी राहिली, हे तिच्या नावातच लिहिलेले आहे. माझी प्राथमिक शाळा इतकी जुनी नाही. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी ज्या मराठी शाळा निघाल्या त्यांतली ती एक, आणि पहिली काही वर्षे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासासाठीच्या इमारतीत, भरत असे. पट कमी झाल्यामुळे अशा कितीतरी शाळा बंद झाल्या, त्यांत आमचीही गेली. मदत करायला शाळाच उरली नाही तेव्हा आम्ही तिच्या शिक्षकांकडे गेलो. त्या काळी सावंतवाडी आणि बेळगावकडून आलेल्या गुरुजींच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि हजेरीपटांच्या प्रती काढून गावच्या वाचनालयात ठेवल्या.

बीड जिल्हा, १९९८ची दहावी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी डॉक्टर, अभियंते आणि अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी तयार होत होती. संपादन समितीत मी एकटीच बाई होते. माझ्या वर्गाचा जुना फोटो पाहताना माझ्या लक्षात आले की पाचवीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलींपैकी दहावीच्या फोटोत जवळजवळ कोणीच नाही. म्हणून मी रजिस्टर मागून घेतले आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना वाचत गेले. ‘सतत गैरहजर’, ‘पालकांचे स्थलांतर’, ‘विवाह’, पुन्हा ‘सतत गैरहजर’. आमच्या भागात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांच्याबरोबर गेलेले मूल परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा होऊन गेलेली असते. शाळेचा इतिहास लिहायचा आणि ही मुले गाळायची, हे मला पटेना. समितीत मी तसे स्पष्ट सांगितले आणि स्मरणिकेत पहिल्या तुकडीपासून दाखल झालेल्या प्रत्येकाचे नाव छापावे, असा आग्रह धरला. पानांचा खर्च वाढला, परंतु सर्वांनी तो मान्य केला.

नावे छापायची तर माणसेही शोधावीत, म्हणून आम्ही मुलींच्या सासरची गावे हुडकून काढली. मेळाव्याला आलेल्या एका मैत्रिणीने स्मरणिकेतले स्वतःचे नाव सुनेला बोट लावून दाखवले आणि मला विचारले, “आता दहावीला बसता येतं का गं?” बसता येते. नियमित शाळेत नसलेल्यांसाठी मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि तो याच रजिस्टरावरून निघतो. तिच्याबरोबर आणखी काही जणींनी फॉर्म भरला. परीक्षा शुल्क आणि पुस्तके माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून झाली.

शाळेत आज शिकणाऱ्या मुलांसाठीही त्याच निधीतून काम होते. स्थलांतरित पालकांच्या मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती सुरू व्हायला उशीर होतो आणि टोळ्या तर दसऱ्यानंतर थांबत नाहीत. मधल्या आठवड्यांत मुलांच्या जेवणाचा खर्च आम्ही करतो, आणि मुलांच्या आज्या स्वयंपाक करतात. एकदा मूल गाडीत बसून गेले की ते वर्ष हातचे गेलेच, त्यामुळे मला हे काम इतर कोणत्याही देणगीपेक्षा मोलाचे वाटते.

माझी मैत्रीण गणित आणि इंग्रजी वगळता सर्व विषयांत उत्तीर्ण झाली असून आता पुरवणी परीक्षेला बसणार आहे. आमच्या तुकडीतील एक अभियंता रात्रीच्या जेवणानंतर फोनवर तिचे गणित घेतो. इंग्रजी शिकवण्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळ देऊ शकेल अशा माजी विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या आम्ही शोधात आहोत.