बीजेची कोर आणि पंचांगातले ‘चंद्रदर्शन’

प्रश्न : आम्ही नाशिकचे, पंचवटीतले. अमावास्या झाली की आजी म्हणत असे, “आज बीजेची कोर बघून या.” पंचांगात मात्र ‘चंद्रदर्शन’ हा शब्द कधी शुद्ध प्रतिपदेच्या दिवशी छापलेला असतो, तर कधी द्वितीयेच्या. मग कोर बीजेची म्हणावी की प्रतिपदेची? शिवाय त्या शब्दापुढे ‘मु. ३०’ किंवा ‘मु. ४५’ असे लिहिलेले असते. तितकी मिनिटे चंद्र दिसतो, असा त्याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर : आजीही बरोबर आणि पंचांगही बरोबर. पंचांगात दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या वेळी चालू असलेल्या तिथीवरून, आणि कोर दिसते ती सूर्यास्तानंतर. मधल्या वेळात तिथी बदलून गेलेली असू शकते.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, म्हणजे संपूर्ण प्रतिपदाभर चंद्र सूर्यापासून १२ अंशांच्या आतच असतो. इतक्या जवळची कोर संधिप्रकाशात हरवते, आणि अमावास्या संपून अठरा-वीस तास होण्याआधी ती नुसत्या डोळ्यांना क्वचितच सापडते. आता समजा, अमावास्या पहाटे ५ वाजता संपली. त्या दिवसाचे नाव प्रतिपदा, पण संध्याकाळी चंद्राचे वय जेमतेम तेरा-चौदा तास, म्हणून दर्शन नाही. ते दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला. आता हीच अमावास्या पहाटे ५ ऐवजी सूर्योदयानंतर, सकाळी ७ वाजता संपली असे धरू. मग तो दिवस अमावास्येचाच राहतो, दुसऱ्या दिवसाला प्रतिपदा हे नाव मिळते, परंतु त्या दिवशी सकाळीच प्रतिपदा संपून बीज लागलेली असते आणि संध्याकाळी छत्तीस तासांची ठसठशीत कोर दिसते. पंचांगकर्ता या दिवसापुढे ‘प्रतिपदा, चंद्रदर्शन’ असे लिहितो, आजी तिला बीजेची कोर म्हणते, आणि दोघांच्या म्हणण्यात काहीही विसंगती नाही.

खुद्द प्रतिपदेची कोर दिसतच नाही, असेही नव्हे. अमावास्या रात्री नऊच्या सुमारास संपली, तर दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला प्रतिपदाच चालू असते, आणि ऋतू अनुकूल असेल तर रेघेसारखी कोर दिसू शकते. शिवमुद्रेतील ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ या शब्दांत ‘लेखा’ म्हणजे रेघ हा शब्द म्हणूनच मला अतिशय नेमका वाटतो. राजमुद्रेसाठी पौर्णिमेचे बिंब निवडले गेले नाही, रोज वाढत जाणारी कोर निवडली गेली. तिला ‘विश्ववंदिता’ म्हणताना, नव्या कोरीला सारे जग हात जोडते ही रीत गृहीतच धरलेली आहे.

‘दर्शन’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. अमावास्येचे एक जुने नाव ‘दर्श’ आहे. वैदिक यज्ञांतील ‘दर्शपूर्णमास’ या नावात ते टिकून आहे आणि पंचांगात आजही ‘दर्श अमावास्या’ असे छापतात. धातू तोच, दृश् म्हणजे पाहणे. जिथे चंद्र अजिबात दिसत नाही त्या दिवसाला ‘पाहणे’ या अर्थाचे नाव कसे, याचे एक स्पष्टीकरण असे देतात की त्या दिवशी सूर्य आणि चंद्र एकमेकांना भेटतात, पाहतात. अमरकोशानेही ‘दर्श’ आणि ‘सूर्येन्दुसंगम’ हे शब्द एकाच ओळीत दिले आहेत. पुढच्याच ओळीत अमावास्येचे दोन भेद येतात : जिच्यात चंद्राची कोर दिसते ती ‘सिनीवाली’, आणि जिच्यात ती पूर्ण लोपते ती ‘कुहू’. कोर दिसली की नाही एवढ्या एका गोष्टीवरून ज्यांनी अवसेला दोन वेगळी नावे दिली, त्यांचे आकाशाकडे किती बारीक लक्ष असले पाहिजे!

‘बीज’ या शब्दाचीही एक गफलत दूर करतो. ही बीज ‘द्वितीया’ या शब्दापासून प्राकृतातून आलेली आहे. पेरायच्या बीजाशी तिचा संबंध नाही. लिंग आणि सामान्यरूप पाहिले की फरक कळतो : ती बीज, बीजेची कोर; परंतु ते बीज, बीजाची उगवण. ‘बीजाची कोर’ असे लिहिलेले अलीकडे वाचनात येते, ते चूक आहे. नुसते ‘बीज’ म्हटले की कोर समोर यावी, असेही नाही. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला असते, म्हणून त्या संध्याकाळी कोर असते. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते, आणि त्या दिवशी सूर्यास्तानंतर काही वेळाने उगवणारा चंद्र जवळजवळ पूर्ण गोल असतो.

राहिला ‘मु.’. हे मुहूर्त आहेत, मिनिटे नव्हेत. एक मुहूर्त म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटे. ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. जुन्या गणनेत सत्तावीस नक्षत्रांपैकी रोहिणी, पुनर्वसू, विशाखा आणि तिन्ही उत्तरा ही सहा मोठी, दीड दिवसाची म्हणजे ४५ मुहूर्तांची मानली. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा आणि शततारका ही सहा लहान, १५ मुहूर्तांची. उरलेली पंधरा ३० मुहूर्तांची. चंद्रदर्शन ज्या नक्षत्रावर होते, त्याचा आकडा पंचांगात छापतात. चंद्र दिसण्याच्या कालावधीशी त्याचा संबंध नाही.

त्या आकड्याशेजारी ‘महर्घ’, ‘साम्यार्घ’ किंवा ‘समर्घ’ असा एक शब्दही असतो, आणि हे शब्द मला फार प्रिय आहेत. ‘अर्घ’ म्हणजे किंमत. १५ मुहूर्त असतील तर महर्घ, म्हणजे धान्य महाग होईल. ३० असतील तर भाव समान राहतील. ४५ असतील तर समर्घ, म्हणजे स्वस्ताई. भावाचे हे भाकीत आज कोणी मानावे असे मी म्हणणार नाही; लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव आवक आणि मागणी यांवर ठरतो, नक्षत्रावर नाही. पण शब्द पाहा : ‘महर्घ’ घासत घासत ‘महाग’ झाला, आणि ‘समर्घ’ ‘सवंग’ झाला. भाजीबाजारात आपण रोज तोंडातून काढतो तो ‘महाग’ पंचांगाच्या या रकान्यात मूळ रूपात अजून बसलेला आहे.

शंका : संकष्टीलाही आम्ही “चंद्रदर्शन झाले, आता जेवायला बसा” असे म्हणतो. तो प्रयोग चुकीचा मानायचा का?

उत्तर : चुकीचा नाही. तिथे ‘चंद्रदर्शन’ हा शब्द सामान्य अर्थाने, चंद्र पाहणे या अर्थाने येतो. पंचांगातील ‘चंद्रदर्शन’ ही संज्ञा मात्र अमावास्येनंतरच्या पहिल्या कोरीपुरती राखलेली आहे. म्हणून संकष्टीच्या दिवशी पंचांग ‘चंद्रोदय’ लिहून वेळ देते, ‘चंद्रदर्शन’ लिहीत नाही. हा भेद अर्थपूर्ण आहे. संकष्टीचा चंद्र पूर्वेला आपल्या डोळ्यांदेखत उगवतो. बीजेचा चंद्र सकाळीच, सूर्यापाठोपाठ, उजेडात उगवून गेलेला असतो. संध्याकाळी तो पश्चिमेला दिसतो तेव्हा मावळतीला लागलेला असतो. यासाठी “बीजेचा चंद्र उगवला” असे न लिहिता “बीजेची कोर दिसली” असेच लिहावे. मुसलमान बांधवही ईदच्या आधी “चाँद दिसला का” असेच विचारतात, आणि आपल्या पंचांगांत चंद्रदर्शनाच्या आसपास ‘मुस्लिम मासारंभ’ छापलेला असतो, तो याच कोरीमुळे.

नाशिकहून कोर पाहायची तर रामकुंडावर थांबू नये. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, दिव्यांचा उजेड असतो आणि घाट-इमारतींनी क्षितिज झाकलेले असते. गंगापूर धरणाच्या बाजूला पश्चिमेचे आकाश मोकळे मिळते. तरी त्र्यंबक-अंजनेरीच्या डोंगरांमागे कोर पंचांगातील चंद्रास्ताच्या काही मिनिटे आधीच जाते, म्हणून सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी तिथे हजर असावे. फाल्गुन-चैत्रात ती होडीसारखी जवळजवळ आडवी दिसते आणि लवकर सापडते. भाद्रपद-आश्विनात सूर्यास्ताच्या बाजूला कललेली, तिरपी, क्षितिजाला चिकटून असते आणि बरेचदा ढगांत जाते.

माझी आई कोर दिसली की पदराची एक दशी काढून तिला वाहत असे आणि म्हणत असे, “जुनं घे, नवं दे.” ही ‘दशी’ संस्कृत ‘दशा’ म्हणजे वस्त्राच्या काठाचे सुटे धागे, यावरून आली आहे, दर्श किंवा दर्शन यांच्याशी तिचे नाते नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण आवाजाच्या सारखेपणामुळे मलाच कितीतरी वर्षे ते एक वाटत होते. आपल्या आजी दशी वाहत असत का, आणि वाहताना नेमके कोणते शब्द म्हणत, हे आठवत असेल तर जरूर लिहावे.