न विरघळलेल्या मूर्तीचे विसर्जन झाले असे मानावे का?

प्रश्न (गिरगावकर):
सप्रेम नमस्कार. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. गेल्या वर्षी चौपाटीवर न जाता गच्चीवर पिंपात विसर्जन केले. मूर्ती शाडूची म्हणून घेतली होती, पण पाचव्या दिवशी पाहिले तर पाण्यावर रंगाचा तवंग आणि सोंड जशीच्या तशी; मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची निघाली. आईला ते पाहवेना. धाकटा भाऊ म्हणतो, पितळेची मूर्ती आणून दरवर्षी तीच पुजू. आई म्हणते, मातीला मिळत नाही तिचे विसर्जन कसले? कोणाचे मानावे?

उत्तर (दादरहून, पौरोहित्य करणारा):
आईंचे म्हणणे परंपरेला धरून आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे पूजन पार्थिव गणपतीचे, म्हणजे मातीच्या मूर्तीचे. मात्र प्राणप्रतिष्ठेने आवाहन केलेल्या देवतेला उत्तरपूजेत अक्षता वाहून आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवून निरोप दिला जातो. त्यानंतर पाण्यात सोडणे म्हणजे मातीला तिच्या घरी पोचवणे. म्हणून पूजेत उणे राहिले असे आईंनी मनाला लावून घेऊ नये. पितळेची मूर्ती ठेवून सोबत वीतभर मातीची मूर्ती पुजणारी आणि तेवढीच विसर्जित करणारी घरे माझ्या यजमानांत आहेत.

उत्तर (परळचा मूर्तिकार):
शाडू सांगून प्लास्टर देणाऱ्याने आमच्या धंद्याचे नाव घालवले, याचे मला फार वाईट वाटते. प्लास्टरमध्ये पाणी घातले की त्याचे जिप्सम होऊन ते घट्ट बसते; शाडू वाळली तरी मातीच राहते, म्हणून पाण्यात काही तासांत ढासळते. मूर्तीचा न रंगवलेला तळ ओल्या बोटाने घासून पाहा, बोटाला चिखल लागला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण पावसाळ्याच्या दमट हवेत शाडू वाळवण्याचे कष्ट आणि लागणारी जागा यांचा विचार फार थोडे लोक करतात. मूर्ती आषाढातच सांगून ठेवलीत तर आम्हाला वेळ मिळतो.

गिरगावकर:
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या जवळच्या केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा असूनही तिथली मूर्ती आजवर लहानच राहिली आहे, याची आईने आठवण करून दिली. यंदा वीतभर शाडूची मूर्ती आणायचे ठरले आहे. तळ आई स्वतः घासून पाहणार आहे.