गाडी ‘मिसिंग’ मारत होती, शेवटी काय निघालं? अनुभव सांगा

माझी 2008ची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. मिसिंग म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही, बाकीचे ओढत राहतात. पाऊस लागल्यापासून सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी थरथरते. आरपीएमचा काटा 800 वरून 600 वर येतो, परत चढतो. घाटात झटके. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ केली, मग पेट्रोलला शिव्या दिल्या. तीन दिवस बरी चालली, परत तेच. आता म्हणतो, “काका, विकून टाका.” त्याच्या मेव्हण्याला जुनी गाडी हवी आहे म्हणे. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. ‘प्लग बदला’ सोडून!

नाशिक, सीएनजी
माझी पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिसिंग. सीएनजी पेटायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे दमलेली कॉइल (ठिणगीची वीज तयार करते ती) किंवा ती वीज प्लगपर्यंत नेणारी केबल आधी गॅसवर उघडी पडते. माझी तीच होती. पण वर्षभराने पेट्रोलवरही सुरू झालं, सकाळी थंड असताना जास्त. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं : तीन सिलिंडर 165 पीएसआयच्या आसपास, चौथा 95. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने दाब वाढला असता. म्हणजे रिंगा शाबूत, वॉल्व्ह नीट बसत नव्हता. गॅसवर टॅपेटची फट (वॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली) हळूहळू मिटत जाते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हेड, म्हणजे इंजिनचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागलं.

कोल्हापूर
आमची उभी असताना थरथरायची आणि जरा रेस दिली की गुळगुळीत. इनटेकखालचा बोटभर रबरी पाइप चिरला होता. आयडलिंगला इंजिन हवाच कमी ओढतं, त्यात ही चोरटी हवा भारी पडते. रेस दिल्यावर तिचं काही चालत नाही. कान लावला तर फुस्स ऐकू यायचं.

ठाणे
मी मूर्खपणा केला तो सांगते. इंजिनचा दिवा लुकलुकत होता, तशीच लोणावळ्याहून घरी आले. नुसता पेटलेला दिवा वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा, हे नंतर कळलं. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाजून निघतो. स्कॅनरवर पी0302, म्हणजे दुसरा सिलिंडर. फिटरने दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावली, कोड पी0303 झाला. पाच मिनिटांत चोर सापडला, पैसे फक्त कॉइलचे. कन्व्हर्टरचा खर्च मात्र विचारू नका.

सांगली
उंदीर. इंजेक्टरची वायर कुरतडली होती.

निवृत्त फिटर, सातारा
धागा काढणाऱ्या काकांना : पावसाळ्यातच होतंय, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. अंधारात बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवा, इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीने केबलवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. ठिणगी बाहेर गळत असेल तर अंधारात दिसेल. हात लांब ठेवा. आणि चालू इंजिनच्या प्लग केबल उपटून बघायची आमच्या वेळची सवय या गाड्यांवर नको, कॉइल जाते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला.

पुन्हा मी
काल रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून बसलो. वॉचमनला वाटलं, काका भांडून खाली आले. तिसऱ्या केबलवर फवारा गेला आणि टोपीपाशी निळा धागा टकटक करत हेडवर उडू लागला. सकाळी गाडी थंड असताना केबल काढली तर प्लगच्या खड्ड्यात ऑइल, रबर फुगून लिबलिबीत. नव्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढावी तशी करडी रेघ. ठिणगीने तीच वाट धरली होती, म्हणून नवा प्लगही तीन दिवसांत बाद.

केबलचा सेट, एक प्लग आणि ज्यातून ऑइल झिरपत होतं ते वॉल्व्ह कव्हरचं सील बदललं. आज सिग्नलला दोनदा काटा बघून खात्री केली की इंजिन चालू आहे.

दुपारी गॅरेजवाल्याचा फोन आला होता. मेव्हणा दहा हजार वाढवायला तयार आहे.