चरखा गेला की राहिला?

तिरंग्याची रचना पिंगली वेंकय्यांची की सुरैया तय्यबजींची, असा वाद रंगत असतो. मला वाटतं, आपण दोन वेगवेगळ्या झेंड्यांबद्दल बोलतोय.

१९२१ साली बेजवाड्यात (आजच्या विजयवाड्यात) वेंकय्यांनी गांधीजींना दाखवला तो लाल-हिरवा. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची, पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला लावला. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम आला थेट १९३१ मध्ये. म्हणजे तेव्हाच अनेक हात लागले होते! सुरैया तय्यबजी आणि त्यांच्या पतीचं नाव येतं ते १९४७ च्या चक्राच्या झेंड्यासंदर्भात.

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी आजोबांच्या ट्रंकेत चरख्याचा खादीचा झेंडा आहे. लहानपणी तो खिडकीपाशी उजेडात धरला की मागून चाती (चरख्याची सूत गुंडाळणारी सळई) भलत्याच बाजूला दिसायची. नेहरूंनी २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत राष्ट्रध्वजाचा ठराव मांडताना नेमकी हीच अडचण सांगितली होती. चक्र मात्र दोन्हीकडून सारखंच दिसतं. आणि ठरावाचे शब्द बघा: निळं चक्र हे 'चरख्याचं प्रतीक' म्हणून, त्याचा आकार तेवढा सारनाथच्या अशोकस्तंभावरचा. त्यामुळे 'चरखा काढून टाकला' असं कुणी लिहिलं की मला फार लागतं.

त्या ठरावात रचनाकार म्हणून कुणाचंच नाव नाही. म्हणून तय्यबजींचं श्रेय जरूर द्या, पण त्यासाठी वेंकय्यांना खोटं पाडू नका. १३ एप्रिल १९२१ च्या 'यंग इंडिया' या आपल्या साप्ताहिकात खुद्द गांधीजींनी त्यांचं नाव घेतलंय.