रोज चालूनही वजन उतरत नाही, मदत हवी आहे

निळीशाई:
रोज सकाळी सातला उठून पाऊण तास चालते. रात्रीचा भात बंद केलाय, तळलेलं खात नाही. तरी काटा ७१ वरून खाली येत नाही, दिवाळीनंतर तर वाढलाच. वय २४. नेमकं काय बदलू ते सांगा. "कमी खा, हातपाय हलव" हे घरी रोज ऐकते, ते इथे नको. लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठ:
उंची? काम कसलं? काय बंद केलंस ते कळलं, पण खातेस काय? पूर्ण दिवस लिही.

सातारकर_एसडी:
डॉ. दीक्षितांची पद्धत. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं आणि बायकोचं, दोघांचं उतरलं. बाकी कशाच्या मागे लागू नका.

मोगरा:
सगळ्यांना एकच मात्रा कशी लागू पडेल? मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं वाचून दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायला लागले, वरणभात-तूप सोडलं नाही, तरी उतरलं. भात बंद करून हिला काय मिळालं?

सातारकर_एसडी:
खाल्लं की इन्सुलिन वाढणारच. दिवसभर तोंड चालू ठेवलं तर साठलेली चरबी वापरली जाणार कधी?

निळीशाई:
तुमचं नंतर चालू द्या ना. उंची ५ फूट २. हिंजवडीत आयटी सपोर्ट, पीजीत राहते, डबा लावलाय. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या-भाजी, रात्री दोन. मधे चहा.

गोदाकाठ:
चहा किती कप? साखर?

निळीशाई:
पाच तरी होतात. मशीनचा असतो, साखर घालूनच येते. सोबत बिस्किटं. शिफ्ट रात्री दोनला संपते, त्याशिवाय जागणार कशी?

गोदाकाठ:
हे आधी सांगायचं होतं गं! दोनला शिफ्ट संपते, कॅबने येऊन झोपायला तीन, आणि सातला चालायला? चार तास झोप. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोडाकडेच हात जातो. चालणं दुपारी शिफ्टच्या आधी घे, सकाळी झोप. चहाचा हिशेब बघ: कपात दोन चमचे धरले तर पाच कपांत ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. पाऊण तासाच्या चालण्यातून तुझ्या वजनाला फार तर एवढंच किंवा थोडं जास्त खर्च होतं. बिस्किटं वेगळीच. भात बिचारा उगाच बंद केलास.

ज्येष्ठमध:
आमच्या मिस्टरांना शुगर आहे, नाचणीच्या भाकरीने फार फरक पडला. शिवाय घरी ट्रेडमिल घेतलाय. मोटर चांगली बघून घ्या, स्वस्तातला लवकर बिघडतो. पावसाळ्यात उपयोगी.

मोगरा:
ताई, ती पीजीत राहते, ट्रेडमिल ठेवणार कुठे? आणि तिला शुगर नाहीये.

विदर्भकन्या:
मला खटकलं ते वेगळंच. दिवसभरात डाळ, उसळ, दही, अंडं काहीच दिसत नाही. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. पोळी-भाजीच्या डब्यात तेवढं भरत नाही, म्हणूनच दोन तासांत भूक लागून बिस्किटं उघडली जातात. डबेवाल्या काकूंना उसळ वाढवायला सांग, पोळी एक कमी कर. फुटाणे जवळ ठेव. आणि नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, असा ताकदीचा व्यायाम हवा.

नाडीपरीक्षा:
मी डॉक्टर आहे, पण इथून निदान करणार नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २८.६ च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २५ पासूनच स्थूलता धरतात. पोटाचा घेर मोजा, बायकांमध्ये ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर लक्ष द्यायला हवं. एक महत्त्वाचं: पाळी नियमित आहे का?

निळीशाई:
नाही. दोन-अडीच महिन्यांनी येते. पण त्याचा वजनाशी काय संबंध? आई म्हणते लग्न झालं की होईल नीट.

नाडीपरीक्षा:
थेट संबंध आहे. लग्नाची वाट बघू नका. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) किंवा थायरॉइड असू शकतं, दोन्हींची तपासणी साधी असते. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, त्या गरजेप्रमाणे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), साखर, सोनोग्राफी सांगतील. पीसीओएस निघालं तरी घाबरू नका. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते, तुमच्या बाबतीत म्हणजे साडेतीन ते सात किलो. दोनदा खायचं की सहादा, हा वाद तोवर बाजूला ठेवा.

सातारकर_एसडी:
इन्सुलिनचाच मुद्दा आला ना शेवटी! पीसीओएसमध्ये तेच बिघडलेलं असतं.

नाडीपरीक्षा:
अनेकींमध्ये असतं, खरं आहे. पण आधी तपासणी होऊ द्या, आणि रात्रपाळीत चार तास झोपणाऱ्या मुलीला लगेच उपास सांगू नका.

निळीशाई:
शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा जाते. रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

नाडीपरीक्षा:
फास्टिंग शुगर सांगितली तर हो, किमान आठ तास. पाणी चालेल, चहा नाही. टीएसएचला उपाशी राहायची गरज नसते. शेवटच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्या, पहिला प्रश्न तोच येईल.