मदत हवी आहे: ऑनलाइन कॉलेजचा लेखन-साहित्याचा कोर्स, पहिलाच निबंध तीनदा परत आला

मंडळी नमस्कार, लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

मी लालबागला राहते, वय ४३. बीए दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. गेली अकरा वर्षं विक्रोळीच्या एका ऑफिसात अमेरिकन विम्याचे क्लेम तपासते. टीम लीडर व्हायचं तर पदवी हवी, असं सांगण्यात आलं. ऑफिसचं तिकडच्या एका कॉलेजशी काहीतरी जमलेलं आहे: फी आधी आपण भरायची, विषय सुटला की ऑफिस परत देतं. नाही सुटला तर पैसे आपले गेले.

त्यात सगळ्यांना सक्तीचा एक विषय आहे, लेखन आणि साहित्य, ३ क्रेडिटचा. सेल्फ-पेस्ड, म्हणजे वर्ग नाही, वेळापत्रक नाही. सहा महिन्यांत आपापलं वाचायचं, चार निबंध द्यायचे, शेवटी वेबकॅमसमोर परीक्षा. मला वाटलं, वा, सोयीचं आहे. माझी शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा, सकाळ मोकळी. (कसली मोकळी! साडेपाचला पाणी, मग मुलाचा डबा, मग सासऱ्यांच्या गोळ्या.) पहिला महिना तर मी नुसती लॉगिन करून हिरवी पट्टी किती पुढे सरकली ते बघत होते.

आता साडेतीन महिने झाले आणि पहिलाच निबंध तीनदा परत आलाय.

गोष्ट आहे केट शोपँ या लेखिकेची, 'द स्टोरी ऑफ ॲन अवर', १८९४ सालची. जेमतेम हजार शब्द. करी रोडला गाडीत बसले आणि कुर्ला यायच्या आत वाचून झाली. लुईज नावाची बाई, हृदय कमजोर. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते. ती रडते, मग एकटी खोलीत जाऊन खिडकीसमोर बसते, आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की आपल्याला मोकळं वाटतंय. मग खाली येते, तर नवरा दारात उभा, त्याला अपघाताचा पत्ताही नाही. ती तिथेच कोसळते. डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सिस्टिमने ३१ टक्के मजकूर दुसरीकडचा दाखवला. खरं सांगते, चोरायचा विचार नव्हता. शाळेत गाईडमधून चांगली वाक्यं काढून ठेवायचो, तसंच केलं. दुसऱ्यांदा सगळं स्वतःचं लिहिलं. शेरा आला: तुम्ही गोष्टच पुन्हा सांगितली आहे, विश्लेषण कुठे आहे? तिसऱ्यांदा शेवटी 'स्त्री-स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे' असा परिच्छेद जोडला. शेरा तोच, वर 'काळ एकसारखा ठेवा' आणि 'एमएलए पाहा' ही भर. मेल पाठवून विचारलं तर पाच दिवसांनी उत्तर आलं, त्यात हँडबुकची लिंक.

माझं इंग्रजी तसं वाईट नाही, दिवसभर त्यांच्याच फाइली वाचते. पण विश्लेषण म्हणजे त्यांना नक्की काय हवंय? गोष्ट सांगितली नाही तर लिहायचं तरी काय? एमएलएचं कोणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि परीक्षेला खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको असा नियम आहे. आमची दहा बाय बाराची खोली, माणसं चार. याचं काय करू?

प्रतिसाद १

उत्तर माहीत नाही, पण हिरवी पट्टी वाचून हसले. मी असाच एक कोर्स घेऊन दीड वर्ष झालं, पट्टी ४ टक्क्यांवर आहे. वाचतेय.

प्रतिसाद २

ताई, मी पार्ल्याला ज्युनियर कॉलेजात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा दोष नाही. आपल्याकडे निबंध म्हणजे 'पावसाळ्यातला एक दिवस', आणि साहित्याचा प्रश्न म्हणजे 'अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा'. गोष्ट नीट आठवते हे दाखवलं की मार्क. तिकडे गृहीत धरतात की गोष्ट वाचणाऱ्यालाही पाठ आहे. तुम्ही ती सांगू लागलात की तो म्हणतो, हे मला माहीत आहे, पुढे बोला.

तुम्ही लालबागच्या, म्हणजे कीर्तन-प्रवचन कानावरून गेलं असणार. निरूपण कसं चालतं? बुवा एक अभंग घेतात आणि एका शब्दावर अडून बसतात. इथे 'उभा' का म्हटलं, 'बैसला' का नाही? त्या एका शब्दावर अर्धा तास. अभंगात काय झालं ते कोणी सांगत बसत नाही, ते श्रोत्यांना येतं. विश्लेषण म्हणजे हेच.

आता तुमच्या गोष्टीत करून बघा. बातमी मरणाची आहे. मग खिडकीबाहेर काय काय दिसतं, ऐकू येतं? त्या परिच्छेदातल्या वस्तू वहीत एकाखाली एक लिहा आणि स्वतःला विचारा, लेखिकेने हेच का ठेवलं. दुसरं काहीही ठेवता आलं असतं.

मग थिसीस. हा शब्द उगाच घाबरवतो. थिसीस म्हणजे असं एक वाक्य, ज्यावर समोरचा 'छे, मला नाही पटत' म्हणू शकेल. 'स्त्री-स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे' यावर कोण भांडणार? म्हणून तो थिसीस नाही, फळ्यावरचा सुविचार आहे.

काळाचं: इंग्रजीत कथेबद्दल लिहिताना वर्तमानकाळ वापरतात. लुईज खिडकीशी बसते, बसली नाही. आपण मराठीत गोष्ट भूतकाळात सांगतो, म्हणून हात सारखा तिकडे वळतो. शेवटी एकदा फक्त क्रियापदांवरून बोट फिरवा.

प्रतिसाद ३

हल्ली एआयला सांगितलं की दोन मिनिटांत निबंध तयार. कशाला डोकं शिणवायचं?

प्रतिसाद ४

वरच्या महाशयांसाठी: ३१ टक्क्यांवर एकदा पकडली गेलेली बाई पुन्हा तिथेच पाय ठेवील का? शिवाय परीक्षेत निबंध कॅमेऱ्यासमोर, स्वतःच लिहायचाय.

ताई, एमएलए म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने ठरवलेली लिहिण्या-मांडण्याची पद्धत. सध्या नववी आवृत्ती चालते, २०२१ ची. घाबरण्यासारखं काही नाही, सत्यनारायणाच्या मांडणीसारखं आहे, कुठे काय ठेवायचं ते ठरलेलं. चारी बाजूंना एक इंच समास, सगळीकडे दुप्पट ओळ-अंतर. पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात तुमचं नाव, शिक्षकाचं नाव, विषय, तारीख, एकाखाली एक. तारखेत आधी दिवस मग महिना, आपल्यासारखंच. उजवीकडे वर आडनाव आणि पान क्रमांक. मजकुरात कोणाचं वाक्य घेतलं की शेवटी कंसात लेखकाचं आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही. शेवटच्या पानावर घेतलेल्या साहित्याची यादी, आडनावाच्या अकारविल्हे, इंग्रजी अक्षरांप्रमाणे.

आडनावावरून आठवलं: कॉलेजात माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर परीक्षेआधी सरळ करून घ्या. माझ्या बहिणीला ओळखपत्र जुळत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नव्हतं.

पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब गूगलवर शोधा, फुकट आहे, नमुन्याचा अख्खा निबंध दिलाय. तो बाजूला उघडून ठेवायचा आणि आपला तसा बसवायचा, झालं.

प्रतिसाद ५

थोडं हिशोबाचं. तिकडे १ क्रेडिट म्हणजे सगळं धरून साधारण ४५ तास काम, असं मानतात. ३ क्रेडिट म्हणजे १३५. तुमच्याकडे अडीच महिने, म्हणजे ७५ दिवस. आतापर्यंत ३० तास जरी झाले असतील तरी १०५ उरले, रोजचे दीड तास. गाडीतला वेळ वाचनाला धरा, लिखाणाला धरू नका. उभ्याने मोबाइलवर लिहिलेला निबंध तसाच दिसतो, मी लिहिलेले आहेत.

शेवटची तारीख कोणत्या घड्याळाने आहे ते बघा. पूर्व किनाऱ्याच्या रात्री ११:५९ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९, हिवाळ्यात १०:२९.

प्रतिसाद ६

अवांतर आहे पण सांगून ठेवतो. ऑफिसातल्या बढतीपुरती पदवी चालेल. पुढे इथे एमएला प्रवेश किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर परदेशी पदवीला समकक्षता लागते, आणि पूर्ण ऑनलाइन पदवीला ती मिळायला अडचण येऊ शकते. पुढच्या विषयांची फी भरण्याआधी लेखी विचारा. नुसती पदवी हवी असेल तर मुंबई विद्यापीठाचं कलिनाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सहावे प्रतिसादक, प्रश्न बरोबर आहे, पण मला बढतीपुरतीच हवी आहे. एमए वगैरे आता मुलाने करावं.

काकू (की काका? 'निवृत्त'वरून कळलं नाही), तुमचं निरूपण घरात वाचून दाखवलं. सासरे एकदम सरसावून बसले. मिलमध्ये होते तेव्हा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. म्हणाले, वाच तो खिडकीचा तुकडा. मी मराठी करून वाचला. नवी पालवी फुटलेली झाडं, पावसाचा वास, खाली रस्त्यावर फेरीवाला ओरडतोय, लांबून कोणाचं तरी गाणं, चिमण्या, ढगांमधून निळं आभाळ. ऐकून म्हणाले, "म्हणजे घरात सुतक आणि बाहेर वसंत." आमच्या गॅलरीखाली तेव्हा नेमका कांदे-बटाटेवाला ओरडत होता.

मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी वस्तूंची यादी केली. खिडकीची झाल्यावर दाराचीही करून पाहिली आणि तिथे एक गोष्ट सापडली, जी तीनदा लिहूनही मला दिसली नव्हती. शेवटी नवरा स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत येतो. बेल नाही, हाक नाही. खिडकी तिची आहे, पण दाराची किल्ली त्याच्या खिशात आहे. म्हणून असं लिहिलंय: लुईजला मिळालेलं स्वातंत्र्य फक्त खिडकीएवढं आहे, कारण घराचं दार अजून नवऱ्याच्याच किल्लीने उघडतं. यावर कोणी 'नाही पटत' म्हणेल का? की हेही सुविचारात जातं?

प्रतिसाद २ (पुन्हा)

काकू. आणि मलाच नाही पटत! नवऱ्याला लेखिकेने कुठेही वाईट दाखवलेलं नाही, तो बिचारा बॅग-छत्री घेऊन घरी आलाय. किल्ली म्हणजे सत्ता, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. बघा, भांडता आलं की नाही? म्हणजे थिसीस जमला. आता मी घेतलेला आक्षेप निबंधातच घ्या आणि त्याला उत्तर द्या, तिसरा परिच्छेद त्यातच निघेल. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

प्रतिसाद ७

परीक्षेच्या जागेबद्दल. वाचनालय सुचवणार होतो, पण अशा परीक्षेत कॅमेरा गोल फिरवून खोली दाखवायला लावतात, मागून माणूस गेला तरी विचारतात. अभ्यासिका अभ्यासाला उत्तम, परीक्षेला बाद. काळाघोड्याचं डेव्हिड ससून काय किंवा एशियाटिक काय, तिथे बंद खोली कोण देणार. तासावर मीटिंग रूम देणाऱ्या जागा लोअर परळला आहेत, पण काचेची खोली नको म्हणून सांगा, बाहेरची माणसं दिसतात. आणि ऑफिसलाच का विचारत नाही? त्यांच्याच सोयीची पदवी आहे, सकाळी कॉन्फरन्स रूम रिकामीच असेल. त्यांच्या नेटवर परीक्षेचं सॉफ्टवेअर चालतं का ते मात्र आधी तपासा, बऱ्याच ऑफिसांत अडवतात.

धागाकर्ती

निबंध चौथ्यांदा दिला आणि काल सुटला! १०० पैकी ७८. शेरा: किल्लीचा मुद्दा चांगला, दोन ठिकाणी अजून भूतकाळ आहे. (काकू, बोट फिरवलं होतं हो, तरी राहिले.) पहिल्या पानावर शिक्षकाच्या नावाच्या जागी मी टीम लीडरचं नाव टाकलं होतं, सवयीने. त्याचे मार्क कापले नाहीत, नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर चढतच नाही, आयटीवाल्याने सरळ नाही म्हटलं. माझा लॅपटॉप नेला तर ऑफिसचं नेट मिळत नाही. शेजारच्या वहिनींनी त्यांची खोली देऊ केली आहे, त्या रविवारी सकाळी माहेरी जातात. पण स्लॉट पहाटे पाच ते आठ आहे, साडेपाचला पाणी येतं आणि पंप बरोबर त्यांच्या भिंतीला लागून आहे. तेवढ्या आवाजाने परीक्षा थांबवतात का, कोणाला अनुभव आहे का? दुसरा स्लॉट रात्री साडेनऊचा आहे, पण समोरच्या मैदानात तेव्हा ढोल-ताशा पथकाचा सराव असतो.